आमच्या ह्यांची व्यसनमुक्ती

आमच्या ह्यांना व्यसन म्हणाल तर एकच. दुसऱ्याच्या भानगडीत पाय घालायचा आणि तो तिथेच विसरून यायचं. बाकी सिगारेट नाही, दारू नाही, चहासुद्धा अर्धा कप, तोही फुंकून फुंकून थंड केलेला. लग्नात माझ्या बहिणी म्हणाल्या होत्या, "अगं, हा नवरा आहे की शाळामास्तर?" मी म्हटलं, मास्तर परवडला, तो निदान सुट्टीला घरी असतो. ह्यांची लाँड्री. सुट्टीच्या दिवशी तर सगळ्या जगाला आपले कपडे मळल्याचं आठवतं.

तर अशा माणसाला लोकांनी अट्टल नशेबाज ठरवलं, भरती केलं, बरं केलं, त्याचा सत्कार केला आणि परत नशेबाज ठरवलं. या अख्ख्या भानगडीत त्या माणसाने डोकेदुखीच्या एका गोळीखेरीज काही खाल्लं नाही. मी बायको आहे, मला माहीत आहे. पण बायकोचं ऐकतो कोण? बायको म्हणजे पाठीशी घालणारच, असं म्हणे पुस्तकातच लिहिलंय.

नीट सुरुवातीपासून सांगते. मध्ये बोलू नका, माझं सूत तुटतं.

आमच्या दुकानासमोर एका संस्थेची दुमजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर व्यसनमुक्ती केंद्र. तिथे काही जण भरती असतात, आणि बरेचसे रोज सकाळी येतात, नर्ससमोर औषधाची गोळी घेतात आणि आपापल्या कामाला जातात. तळमजल्यावर, मागच्या बाजूला, एक खिडकी. खिडकीत सिस्टर बसतात. इंजेक्शनने नशा करणारे तिथे येतात, वापरलेल्या सुया डब्यात टाकतात आणि बंद पाकिटातल्या नव्या घेऊन जातात. कारण एकाची सुई दुसऱ्याने टोचून घेतली की एचआयव्ही याचा त्याला, त्याचा त्याच्या बायकोला, असा घरोघर हिंडतो. नशा सुटेल तेव्हा सुटेल, तोवर माणसाने हे दुखणं घरी नेऊ नये, एवढंच त्या खिडकीचं काम.

मला हे आधी अजिबात पटत नव्हतं. सिस्टरांना मी तोंडावर म्हणाले होते, "म्हणजे चोराला किल्ली तुम्हीच देणार!"

त्या म्हणाल्या, "मावशी, किल्ली नसली तरी तो भिंत फोडून जातोच. मग भिंतपण जाते." आणि पुढच्या माणसाला पाकीट दिलं. सिस्टरांना वाद घालायला वेळ नसतो, त्यामुळे त्या नेहमी जिंकतात.

आता गंमत ऐका. वरचा मजला आणि खालची खिडकी एकाच संस्थेची, एकाच मीटरवरची वीज. पण वरचे डॉक्टरसाहेब खिडकीचं नावसुद्धा तोंडाने घेत नसत. वर माणसं शुद्ध होतायत आणि खाली सुया वाटतायत, हे त्यांना शोभेना. संस्थेचे अध्यक्ष मोठे समजूतदार. त्यांनी दोघांचं भांडण मिटवायला नियम काढला. वर उपचार घेणारा कुणी खिडकीपाशी दिसला किंवा त्याने पुन्हा सुई टोचून घेतल्याचं कळलं, तर त्याचं नाव कापायचं, गोळी बंद. म्हणजे नशा सोडायचीय म्हणणाऱ्याला स्वच्छ सुई नाही आणि स्वच्छ सुई मागणाऱ्याला नशा सोडायची सोय नाही. मधल्या मध्ये घसरणारा माणूस असतो, हे बैठकीत कुणाच्या लक्षातच आलं नाही. बैठकीत बसलेली माणसं घसरत नसावीत. डॉक्टरांच्या खोलीची गॅलरी नेमकी त्या खिडकीच्या डोक्यावर. कप हातात घेऊन ते उभे राहायचे आणि खाली कोण येतंय ते बघायचे.

आता आमचे जावईबापू. इलेक्ट्रिशियन, हातात कसब आहे, कुठलीही बंद पडलेली वस्तू त्याच्याकडे बघून लाजते आणि चालू होते. शिडीवरून पडला, पाठ गेली, दुखणं थांबवायला इंजेक्शनं सुरू झाली. पुढे पाठ बरी झाली, इंजेक्शनं राहिली. दवाखान्यातली संपल्यावर बाहेरची सुरू झाली. कळलं तेव्हा मी लेकीला म्हटलं, "उचल कपडे आणि ये निघून."

ती म्हणाली, "पाठ मोडली तेव्हा नाही आले, आता येऊ?" माझीच लेक, माझंच तोंड. कुणाला बोलणार?

तिनेच त्याला ओढत वरच्या मजल्यावर नेला. रोजच्या गोळीने बरंच सुटलं. बरंच म्हणजे सगळं नाही. एखाद्या दिवशी पाठ उठायची, कामावर जुना दोस्त भेटायचा, आणि स्वारी घसरायची. खिडकीवर जायची चोरी. मग सुई कुणाची? दोस्ताची. लेकीला दिवस गेले तेव्हा हा एकदा दुपारी दुकानात आला आणि ह्यांच्यासमोर ढसाढसा रडला. "मामा, मला तिच्याजवळ जायची भीती वाटते."

मी चांगलीच उखडले.  ह्यांनी इस्त्रीची कळ बंद केली. हे इस्त्री बंद करतात तेव्हा समजायचं, कुणाच्या तरी भानगडीत पाय पडला. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या चादरी आणायला गेले ते मागच्या खिडकीवरून सुयांची पाकिटं घेऊन आले.

"अहो, लोक जावयाला अंगठी देतात, घड्याळ देतात. तुम्ही सुया देणार?"

"अंगठीला माप लागतं," हे म्हणाले. "आणि मला तरी कुठे आवडतंय? पण दगडापेक्षा वीट मऊ. पोरीच्या पोटात पोर आहे."

 मी नाक मुरडलं आणि जावयाचा शर्ट पुढे सरकवला.

पाकीट द्यायचं कसं, तर जावयाच्या इस्त्री केलेल्या शर्टाच्या खिशात. वापरलेल्या सुया त्याने पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद करून मळक्या कपड्यांबरोबर परत आणायच्या. हे डबा खिडकीवर पोचवणार. पण अशी गोष्ट लपते होय? वर गोळी घ्यायला येणाऱ्यांत घसरणारा काय एकटा माझा जावई होता? हळूहळू एकेक जण शर्ट घेऊन यायला लागला. ज्यांच्या अंगावर बटणं धड नसायची ते म्हणायला लागले, "काका, जरा कडक इस्त्री." एक रंगारी तर एकच शर्ट घेऊन सारखा यायचा. इतक्या वेळा इस्त्री झाली की त्या शर्टाची कॉलर चकाकायला लागली. आणि वर डॉक्टरसाहेब पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या उपचारांचा परिणाम बघा. रुग्णांचा स्वाभिमान जागा झालाय. सगळे इस्त्रीचे कपडे घालतात!"

मी दुकानात बसून हसून हसून बेजार.

पण गॅलरीतून साहेबांना दुसरंही काही दिसत होतं. लाँड्रीवाला रोज खिडकीवर येतो, डबा देतो, पाकिटं नेतो. वाळलेला देह, वाफेने लाल झालेले डोळे, भर उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. एक दिवस चादरी मोजताना ह्यांच्या बाह्या वर सरकल्या आणि डॉक्टरांना हातांवरचे डाग दिसले. इस्त्रीचे चटके हो! आयुष्यभर इस्त्री धरलेल्या माणसाच्या हातावर दुसरं काय असणार, मेंदी? पण साहेबांच्या डोक्यात उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी वरात आमच्या दुकानात. डॉक्टर, अध्यक्ष आणि समुपदेशक मॅडम. समुपदेशक म्हणजे रुग्णांशी बोलणारी बाई. बोलण्याचं काम असलं की माणसाला ऐकायला फुरसत मिळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, किती वर्षं घेताय?"

"काय?" हे म्हणाले.

मॅडमनी डॉक्टरांकडे बघितलं. "नाकारणं. पहिलं लक्षण."

"अहो बाई, तो माणूस चहा धड घेत नाही!" मी म्हटलं.

"कुटुंबाने पाठीशी घालणं. दुसरं."

"आणि तिसरं काय असतं?"

"चिडणं," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातल्या इस्त्रीकडे बघून एक पाऊल मागे सरकल्या.

डॉक्टर म्हणाले, "हे बघा, तुम्ही घेत नसाल तर रोज इतक्या सुया कोणासाठी नेता? आमच्या रुग्णांपैकी कोणासाठी असतील तर तसं सांगा. आम्हाला कारवाई करावी लागेल."

साहेबांच्या डोक्याच्या अगदी मागे, हँगरवर, जावयाचा निळा शर्ट लटकत होता, खिशात पाकिटासकट. मी ह्यांच्याकडे बघितलं. इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर जावयाची गोळी बंद, सोबत रंगाऱ्याची आणि बाकी सगळ्यांची. गोळी बंद झाली की परत रोजचं इंजेक्शन, आणि मग माझ्या लेकीचं काय?

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "माझ्यासाठीच नेतो साहेब."

"इतक्या?"

"सवय वाईट."

डॉक्टरांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं आता साहेब ह्यांना मिठी मारतात. मॅडमनी डोळे पुसले. अध्यक्ष म्हणाले, "कबुली म्हणजे अर्धा विजय." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ऐकलं होतं, पण इथे संन्यासीच गळ्यात दोर घालून "ओढा" म्हणत होता.

आणि हे भरती झाले. स्वतः इस्त्री केलेल्या चादरीवर जाऊन झोपले. पहिल्या दिवशी तपासणीत नशेचा अंश निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, जुना खेळाडू आहे, काहीतरी युक्ती केली. दुसऱ्या दिवशीही काही निघालं नाही. म्हणाले, उपचार लागू पडला. हातपाय दुखणं नाही, घाम नाही, चिडचिड नाही. म्हणाले, काय ही इच्छाशक्ती! गोळीची गरजच पडली नाही, हा तर चमत्कार. मी भेटायला गेले की हे विचारायचे, "रंगाऱ्याचा शर्ट दिलास का?"

कारण शर्टांचं काम आता माझ्यावर आलं होतं. मी नाक मुरडणारी बाई, पण करते काय! चादरींच्या गाठोड्यातून डबा न्यायचा, गाठोड्यातून पाकिटं आणायची. गाठोडं घेतलेल्या बाईकडे गॅलरीतला साहेब कशाला बघतोय? तेवढा एक फायदा.

वर मॅडम रोज सगळ्यांना गोल बसवायच्या आणि आपापल्या आयुष्यातला सगळ्यात काळा दिवस सांगायला लावायच्या. ह्यांची पाळी आली. आता हे काय सांगणार, कप्पाळ? विचार करून करून ह्यांनी सांगितलं, एकदा मशीनमध्ये पांढऱ्या कपड्यांत एक काळा कोट चुकून गेला. "एकच होता हो. पण उघडून बघतो तर सगळं काळं. किती धुतलं, गेलं नाही." मॅडम हुंदके द्यायला लागल्या. त्यांना वाटलं माणूस स्वतःच्या जन्माबद्दल बोलतोय. हे खरोखर कोटाबद्दलच बोलत होते. त्या गिऱ्हाइकाने नंतर आम्हाला तोंड दाखवलं नव्हतं.

यथावकाश ह्यांना बरं म्हणून घरी सोडलं. पण नाव वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे खिडकीची बंदी आता ह्यांनाही. गाठोडं माझ्याच डोक्यावर राहिलं. शिवाय केंद्राने ठरवलं, एवढा कठीण रुग्ण सुधारला, त्याचा सत्कार करायचा. बाहेरून मोठे पाहुणे येणार होते, ज्यांच्या मदतीवर संस्था चालते ते. अध्यक्षांच्या अंगात साफसफाई संचारली. भिंती रंगवल्या, पायऱ्या घासल्या, आणि मागची ती खिडकी? पाहुण्यांच्या नजरेस सुया पडल्या तर शोभा होईल म्हणून खिडकीला कुलूप. सिस्टरांना सक्तीची रजा. खिडकीसमोर फुलांच्या कुंड्यांची रांग. सुयांच्या डब्यावर टेबलक्लॉथ घालून वर फुलदाणी. टेबलक्लॉथ आमच्याच लाँड्रीतून गेला होता.

शर्ट रिकामे जायला लागले. मी प्रत्येकाला सांगत होते, "बाबांनो, सांभाळा. कार्यक्रम होईपर्यंत धीर धरा." कार्यक्रमाची तारीख बघून कुणाची पाठ दुखायची थांबते का?

सत्काराच्या दिवशी सकाळी जावई दुकानात आला. चेहरा बघूनच मी इस्त्रीची कळ बंद केली.

"मामी, काल घसरलो."

"सुई?"

तो आपल्या चपलांकडे बघायला लागला.

"सुई कुणाची होती रे?"

"त्याचीच. वापरलेली." मग म्हणाला, "तिला सांगितलंय मी. सगळं सांगितलं. तिला म्हटलं, माझ्यापासून लांब राहा."

मी त्याला काय काय बोलले ते सांगत नाही, माझं मलाच नंतर वाईट वाटलं. बोलून झालं आणि त्याचा हात धरून मी सरळ सिस्टरांचं घर गाठलं. सिस्टर केस विंचरत होत्या. ऐकलं, फणी तशीच डोक्यात ठेवून म्हणाल्या, "औषध आहे. अशी सुई टोचली गेली तर तीन दिवसांच्या आत सुरू करायचं, जितकं लवकर तितकं बरं. महिनाभर रोज घेतलं तर एचआयव्ही बहुतेक वेळा टळतो."

"मग द्या ना!"

"डॉक्टरांच्या कपाटात आहे. कामात आम्हालाच चुकून सुई टोचली तर म्हणून ठेवलंय. किल्ली त्यांच्या खिशात."

"तुम्हाला लागली म्हणून सांगा."

"मावशी, मी रजेवर. रजेवरच्या बाईला सुई कुठे लागणार, घरच्या सोफ्यावर?" मोठा दवाखाना तिथून लांब, त्यात हे औषध देणारा विभाग त्या दिवशी बंद. उद्या उघडणार, मग रांग, मग चिठ्ठ्या. सिस्टरांना एवढा वेळ घालवणं पसंत नव्हतं.

जावई म्हणाला, "मी जातो. डॉक्टरांना सांगतो. कापू दे नाव."

म्हणजे हे औषध मिळणार आणि रोजची गोळी जाणार. एचआयव्ही टळणार आणि माणूस परत इंजेक्शनात बुडणार. मी त्याला म्हटलं, तू दुकानात बस, जागचा हलू नकोस. आणि मी धावले.

सभागृहात हे पहिल्या रांगेत बसले होते, शर्टाला स्वतःच्या हातची इस्त्री. स्टेजवर डॉक्टर, अध्यक्ष, मॅडम आणि पाहुण्या बाई. मी वाकून ह्यांच्या कानात सगळं सांगितलं. ह्यांनी मान न वळवता ऐकलं.

"बंद पाकिटातली नव्हती?"

"नव्हती."

"मग भाषण बदलायला पाहिजे," हे म्हणाले.

तेवढ्यात ह्यांचं बोलावणं आलं. पुष्पगुच्छ झाला, प्रमाणपत्र झालं, टाळ्या झाल्या. मॅडमनी भाषण लिहून दिलं होतं. ह्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. कपडे घडी घालायची सवय.

"सगळे म्हणतात मी सुधारलो," हे म्हणाले. "साहेबांनी फार कष्ट घेतले. पण काल मी परत घसरलो. सुई दुसऱ्याची होती. वापरलेली. साहेबांच्या कपाटात त्यावरचं औषध आहे असं कळलंय. तेवढं द्या, म्हणजे माझ्या घरात ते दुखणं यायचं नाही."

 डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्ष छताकडे बघायला लागले. मॅडम पुटपुटल्या, "पण असं कसं, काल तर मी ह्यांची प्रगती..."

पाहुण्या बाईंनी माइक ओढून घेतला. "दुसऱ्याची सुई का घ्यावी लागली? इथे स्वच्छ सुया मिळतात ना? आम्ही तर त्याच कामासाठी तुम्हाला मदत करतो. मी ती खिडकी बघायलाच आलेय."

अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जे दाखवायचं तेच बिचाऱ्यांनी कुंड्यांमागे दडवलं होतं! "आहे ना, खिडकी आहे!" म्हणत ते पुढे, मागून पाहुण्या बाई, मागून अख्खी सभा. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने कुंड्या हलवल्या, चांगला सूट चिखलाने भरवला. खिडकीला कुलूप.

"इथल्या सिस्टर?"

"रजेवर," अध्यक्ष म्हणाले, आणि बघतात तर सिस्टर समोर उभ्या. फणी अजून केसातच. "म्हणजे, होत्या. रजा आत्ताच संपली."

पाहुण्या बाई शेजारी उभ्या, म्हणून डॉक्टरांनी इतक्या प्रेमाने कपाट उघडलं की सांगता सोय नाही. म्हणाले, पहिली गोळी माझ्यासमोर घ्या. सिस्टर म्हणाल्या, मी देते. त्यांनी ह्यांच्या तळहातावर गोळी ठेवली, पाणी दिलं, ह्यांनी गिळली. ती डोकेदुखीची होती हे साहेबांना आजतागायत माहीत नाही. रक्त तपासायला पाहिजे, तर तेही सिस्टर म्हणाल्या, मी घेते. आणि घेतलं, पण आमच्या दुकानात, वाळत घातलेल्या चादरींच्या आड, जावयाच्या दंडातून. खरी पहिली गोळी त्याने तिथेच घेतली. हे त्याच्या समोर उभे राहिले, गोळी पोटात गेल्याची खात्री केली आणि म्हणाले, "आता तुम्ही जा आणि पुन्हा पाठ दुखली तर आधी इकडे या." बस्. एवढंच बोलले. मी असते तर अजून तास घेतला असता.

संध्याकाळच्या आत ह्यांचं नाव कापलं गेलं, नियमाप्रमाणे. प्रमाणपत्र परत मागवलं. खिडकी मात्र पुन्हा बंद करायची सोय राहिली नाही, पाहुण्या बाईंनी बजावलं होतं. मग अध्यक्षांनी पुन्हा समजूतदारपणा दाखवला. नियम आहे तसाच ठेवला आणि खिडकी इमारतीच्या दुसऱ्या अंगाला हलवली, जिथे गॅलरीतून दिसत नाही. आता वरचे लोक गोळी घेऊन खाली उतरतात, वळसा घालतात आणि लागलं तर पाकीट घेतात. साहेबांना दिसत नाही, म्हणून कुणी घसरत नाही. केंद्राचा निकाल एकदम सुधारला. आमच्याकडचे शर्ट थांबले. रंगारी परत बिनबटणाचा हिंडतो.

नुकसान झालं ते आमचं. शेजारणी कपडे दुसरीकडे टाकायला लागल्या. एकदा सुधारलेला माणूस पुन्हा घसरला म्हणजे तो कायमचा गेला, असं लोकांचं मत. रस्त्याने जाताना ह्यांच्या हातांकडे बघतात. मी भांडायला निघाले की हे म्हणतात, "जाऊ दे गं." जाऊ दे, जाऊ दे! मला नाही जाऊ देता येत. माझ्या साध्यासरळ माणसाला कुणी नशेबाज म्हटलं की माझं आतडं तुटतं. पण खरं सांगायचं तर जावयाचं नाव जातं, म्हणून तोंड शिवून बसते.

जावयाने ते औषध महिनाभर घेतलं. उलट्या झाल्या, घेतलं. चक्कर आली, घेतलं. लेक रोज समोर बसायची. पुढे सिस्टरांनी दोघांची तपासणी केली, मग काही दिवसांनी परत केली, आणि दुकानात येऊन नुसती मान हलवली. दोघंही सुटले होते. लेक तिथेच कपड्यांच्या ढिगावर बसली आणि रडली. मी तिला म्हटलं, उठ, ते धुतलेले आहेत. आणि मग मीही तिच्याशेजारी बसले.

मुलगी झाली. निरोगी, आणि गळा माझ्यासारखा. जावई अजून वरच्या मजल्यावर जातो. मधूनमधून घसरतो, पण आधीपेक्षा कमी. घसरला तर पाकीट आपलं आपण आणतो. केंद्राने यंदाचा आदर्श रुग्ण म्हणून त्याला निवडलंय.

परवा तेच सांगायला समुपदेशक मॅडम दुकानात आल्या. हे इस्त्री करत होते, लेक बाळाला घेऊन बसली होती, जावई पंखा दुरुस्त करत होता. मॅडमनी जावयाचं अभिनंदन केलं, बाळाचा गालगुच्चा घेतला आणि लेकीला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या. हळू म्हणजे आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू. "बाळाला आजोबांपासून जरा लांब ठेवा हं. प्रेम असतं, कबूल. पण अशा माणसाचा भरवसा नसतो."

ह्यांनी ऐकलं. इस्त्री तशीच चालू ठेवली.

जावई शिडीवरून खाली उतरला. ह्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. त्याने ऐकलं नाही. "मॅडम, ती सुई मी घेतली होती. ते औषध मी खाल्लं. ह्यांनी कधी काही घेतलं नाही."

 गेलं आता नाव, म्हटलं.

मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी. "किती मोठं मन आहे तुमचं! सासऱ्यांचा डाग स्वतःवर घेताय. मी भाषणात हे नक्की सांगेन."

लेक उठली. सरळ ह्यांच्यापाशी गेली. "बाबा, धरा हिला."

"अगं, हात गरम आहेत माझे," हे म्हणाले. इस्त्री बंद केली, तळवे शर्टाला पुसले, त्यांवर फुंकर घातली आणि मग बाळाला घेतलं. आजवर जवळ घेतलं नव्हतं. लोकांचं बोलणं मनावर घेतलं होतं माणसाने, आणि मला, बायकोला, पत्ता लागू दिला नव्हता.

मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बघा, हात कसे थरथरतायत अजून."

थरथरत होते. पहिलीच नात होती.